यादी चावडीवर वाचली गेली पाहिजे

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील बौद्ध कुटुंबांसाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय शेतीच्या सरकारी अनुदानाचा आहे, हे कळल्यावर आपणांपैकी कित्येकांना नवल वाटले असेल. ज्याच्या नावावर शेत आहे त्याने अनुदानाची चौकशी करावी. ज्या घराने सात-बाराचा उतारा पाहिला असेल तो बहुधा दुसऱ्याच्याच शेताचा, त्या घराचा या गोष्टीशी संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु हा प्रश्न मनात येतो यातच आपले मोठे नुकसान दडलेले आहे, असे माझे मत आहे. आणि म्हणूनच मी हा विषय मुद्दाम निवडला आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. शेतीच्या नावाने सरकारी तिजोरीतून जो पैसा आपल्या गावात येतो, तो कोणास मिळाला, किती मिळाला आणि कोणत्या कारणासाठी मिळाला, याची यादी गावातील प्रत्येक स्त्री-पुरुषास पाहावयास व ऐकावयास मिळाली पाहिजे. बागाईतदाराने ही मागणी केली नाही तरी त्याचे काही अडत नाही. भूमिहीनाने मात्र ती केल्यावाचून राहता कामा नये.

तिजोरी कोणाची, हे प्रथम ठरवू. सरकार स्वतः नांगर धरून पैसा पिकवीत नाही. मंचरच्या बाजारात साबणाची वडी विकत घेणारी मजूर बाई त्या वडीबरोबर कर भरते. तिचा मुलगा चपलांचा जोड घेतो, त्यावरही कर आहे. तिच्या नावावर एक गुंठाही नसेल, परंतु ज्या तिजोरीतून शेजारच्या बागाईतदारास ठिबकचे अनुदान मिळाले, त्या तिजोरीत तिचा पैसा आहे. देणाऱ्याने हिशेब मागितला तर त्यास चोंबडेपणा म्हणत नाहीत. आपण स्वतःला केवळ घेणारे समजत आलो. गावानेही आपणांस तसेच समजण्याची सवय लावली. वास्तविक पाहता आपण देणारेही आहोत.

दुसरी एक गोष्ट आपल्या वाडवडिलांच्या कामाची आहे. गावगाड्यात महाराकडे कोणती कामे होती ते आठवा. सरकारी हुकमाची दवंडी देणे, सारा भरण्यासाठी लोकांना चावडीवर बोलाविणे, शिवेचा तंटा पडला तर शीव दाखविणे, आणि गावाचा वसूल राखणीने तालुक्याच्या खजिन्यात पोहोचविणे. गावातून पैसा बाहेर जाताना तो सुखरूप पोहोचविण्याची जबाबदारी ज्याच्या शिरावर होती, त्याला चावडीच्या आत बसून हिशेब ऐकण्याची मात्र मुभा नव्हती. आता पैशाचा ओघ उलटा आहे. तो तालुक्याहून गावाकडे येतो. तो ज्या नावांवर येतो ती नावे ऐकण्यासाठी चावडीच्या आत जाऊन बसणे, हा आपला हक्क आहे.

अशी नोंद सर्वांसमोर ठेवण्याची कल्पना आपल्या मुलुखाला परकी नाही. जुन्नरभोवतालच्या डोंगरांत सुमारे दोनशे लेणी आहेत. आपणांपैकी पुष्कळजण तेथे वंदनेला जातात, परंतु भिंतीवरील लेख वाचून समजावून घेणारे थोडे. मानमोडीच्या डोंगरातील अंबा-अंबिका लेण्यांत सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचे दानलेख आहेत. त्यांपैकी एकात अडुथुम नावाच्या शक उपासकाने केलेल्या दानाची नोंद आहे: वडालिका गावचे वीस निवर्तने शेत, करंजाची झाडे लावण्यासाठी, कटपुतक गावचे नऊ निवर्तने शेत, वडाची झाडे लावण्यासाठी, आणि हे दान कोणाचिक नावाच्या श्रेणीकडे सोपविलेले. देणारा कोण, जमीन किती, ती कोणत्या गावची, कशासाठी दिली आणि व्यवस्था कोणाकडे, हे सर्व त्या काळच्या लोकभाषेत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दगडात कोरून ठेवले आहे. संघाला दिलेल्या दानाचा एवढा चोख तपशील जर भिंतीवर असतो, तर कृषी खात्याने दिलेल्या अनुदानाचा तपशील ग्रामपंचायतीच्या फळ्यावर असावयास अडचण कसली?

कायद्याचे बोलावयाचे तर कायदा या बाबतीत आपल्या बाजूचा आहे. तो कोणी कृपा म्हणून दिलेला नाही. राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनवाई भरविली आणि सरकारी कामाचे हजेरीपट लोकांपुढे मोठ्याने वाचले. कागदावर मजुरी कोणाला मिळाली आणि प्रत्यक्षात काम कोणी केले, हे ऐकणाऱ्या मजुरांनीच तेथल्या तेथे सांगितले. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ चा माहिती अधिकार कायदा आला; आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला. त्याच्या कलम ४ मध्ये एक उपकलम आहे, ते आपण तोंडपाठ करावे. कलम ४, पोटकलम १, खंड ख, उपखंड बारा. प्रत्येक सरकारी कार्यालयाने अनुदानाचे कार्यक्रम कसे राबविले, त्यांसाठी किती रकमा ठेवल्या आणि लाभ कोणास मिळाला याचा तपशील, कोणी मागो अथवा न मागो, आपण होऊन प्रसिद्ध करावयाचा आहे. तोही स्थानिक भाषेत, आणि त्या भागातील लोकांपर्यंत खरोखर पोहोचेल अशा रीतीने. तेव्हा यादी मागणारा माणूस कार्यालयाकडे काही जादा मागत नाही. कार्यालयाने जे काम अगोदरच करून ठेवावयास हवे होते, त्याची तो आठवण करून देतो.

याद्या उघड झाल्या म्हणजे काय घडते, याचा एक नमुना सांगतो. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी ही योजना २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. जमीनधारक शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. २०२३ पासून महाराष्ट्र सरकारने नमो शेतकरी महासन्मान निधी म्हणून तेवढीच भर घातली. केंद्राच्या योजनेतून आयकर भरणारे, चतुर्थ श्रेणीवरील सरकारी नोकर व दरमहा १०,००० रुपये किंवा अधिक निवृत्तिवेतन घेणारे वगळलेले आहेत. तरीही २०२१ च्या जानेवारीत माहिती अधिकाराखालील एका अर्जाच्या उत्तरातून असे बाहेर आले की, देशभरातील २० लाख ४८ हजार अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये वाटले गेले होते, आणि त्यांत निम्म्याहून अधिक माणसे आयकर भरणारी होती. अपात्रांच्या संख्येत पंजाब व आसाम यांच्या खालोखाल महाराष्ट्राचा क्रमांक होता. हे ज्या अर्जामुळे उघड झाले, तसला अर्ज करण्यास दहा रुपयांचे तिकीट लागते.

येथे एक कडू गोष्ट बोलून टाकतो. आपल्या वस्तीतही निवृत्त शिक्षक आहेत, रेल्वेतून व दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले लोक आहेत, आणि वडिलोपार्जित अर्ध्या एकराच्या बळावर त्यांपैकी कोणी हा निधी घेत असेल तर तोही नियमाने अपात्रच आहे. यादी वाचावयाची तर ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावयाची. आपल्या माणसाचे नाव आले म्हणजे आवाज खाली आणावयाचा, ही वाचनाची रीत नव्हे.

परंतु अपात्र माणसे शोधून काढणे, हा माझ्या लेखी यादीचा दुय्यम उपयोग आहे. वर्तमानपत्रांना तोच आवडतो, कारण त्यात चोर सापडल्याची मौज असते. यादी हाती आली की तुम्ही प्रथम हे पाहा की, तीत कोण नाही. आणि नाही तर का नाही.

आता आपल्याच दोन तालुक्यांची उदाहरणे घेऊ. घोड नदीवर डिंभ्याचे धरण आहे. जुन्नरात माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आहेत. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने दोन्ही तालुक्यांचा पूर्वेकडील भाग ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांनी हिरवा झाला. त्या हिरव्या भागात आपल्या कित्येक बांधवांचे काम दुसऱ्याचे शेत वाट्याने किंवा खंडाने करण्याचे आहे. २०२३ साली कांद्याचे भाव कोसळले, तेव्हा राज्य सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्यास क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केले. मर्यादा २०० क्विंटलांची. म्हणजे एका शेतकऱ्यास अधिकांत अधिक ७०,००० रुपये. लागवड कोणी केली, खुरपणी कोणी केली, ओतूर-आळेफाट्याच्या बाजारात गोण्या कोणी उतरविल्या, हे त्या अनुदानाच्या कागदपत्रांत विचारलेले नव्हते. सात-बारावर कांद्याची नोंद पाहिजे, एवढे विचारले होते. वाट्याने शेत करणाऱ्याचे नाव सात-बारावर नसते. भाव पडल्याचा तोटा अर्धा त्याचा. तोट्याची भरपाई मात्र मालकाच्या खात्यावर. पुष्कळ मालकांनी अर्धी रक्कम प्रामाणिकपणे दिलीही असेल. परंतु किती रक्कम आली हेच जर वाटेकऱ्यास ठाऊक नसेल, तर अर्धी म्हणजे किती हे त्याने कोणत्या तोंडाने विचारावे? यादी उघडी असेल तर त्याला आकडा कळेल. ज्याचा आकडा ठाऊक आहे ते पैसे मागता येतात.

पश्चिमेकडे, भीमाशंकरच्या बाजूस, दुःख निराळे आहे. तेथील महादेव कोळी कुटुंबांच्या उत्पन्नात हिरड्याचा मोठा वाटा असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण ओलांडून या डोंगरांवर आदळले आणि जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी गावांतील हिरड्याचे मोठे नुकसान झाले. भात गेला, घराचे पत्रे उडाले, तर त्याचा पंचनामा कसा करावयाचा हे कार्यालयास ठाऊक असते. हिरडा कोणत्या रकान्यात बसवावा, याचेच उत्तर कित्येक दिवस सापडत नव्हते. त्या मदतीसाठी आदिवासींना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. ते लोक बौद्ध नाहीत, आपल्या जातीतून आलेलेही नाहीत. परंतु सरकारी रकान्यात न बसणाऱ्या माणसाचे दुःख आपल्याइतके कोणास समजणार? त्यांच्या हातात एक हत्यार असे आहे, जे आपल्या गावांजवळ नाही. त्या भागास १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, आणि त्या कायद्याप्रमाणे गरिबी निर्मूलनाच्या योजनांचे लाभार्थी निवडणे हे ग्रामसभेचे काम आहे. खर्चाचा दाखलाही ग्रामसभेनेच द्यावयाचा. ते हत्यार त्यांनी कसे वापरले, हे जाऊन पाहण्यासारखे आहे.

आता आपल्या स्वतःच्या नावांकडे वळतो. यादीत आपली नावे थोडी असण्याचे सर्वांत जुने कारण वतन हे आहे. महार वतन म्हणजे जमिनीच्या एका तुकड्याच्या मोबदल्यात पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात ते मोडण्यासाठी विधेयक आणले, आणि अखेर कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून, रद्द झाली. जमीन पुन्हा आपल्या नावे करून मिळाली खरी, परंतु नव्या शर्तीची. आजच्या भाषेत भोगवटादार वर्ग दोनची. पुढे वारसांची भर पडत गेली, वाटण्या झाल्या नाहीत. आज एकेका उताऱ्यावर तीस-तीस, चाळीस-चाळीस नावे, त्यांतील कित्येक नावे मयतांची, आणि जिवंत माणूस पुण्या-मुंबईस. अनुदानाचा अर्ज करावयास गेले की सांगण्यात येते, सर्व सहहिस्सेदारांची संमती आणा. तेथेच अर्ज थांबतो. हे एका घराचे असेल तर त्यास दुर्दैव म्हणता येईल. परंतु गावातील पाच वर्षांची यादी समोर ठेवली आणि आमच्या वस्तीच्या सामायिक खात्यांपैकी एकही खाते तीत नाही असे दिसले, तर मग त्यास दुर्दैव म्हणता येत नाही. मग तहसीलदारांकडे वारसनोंदीचे व वाटपाचे शिबिर आमच्या गावी लावा, अशी मागणी आकड्यानिशी करता येते.

ज्यांना वतनाचाही तुकडा नाही, त्यांच्यासाठी २००४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. दादासाहेबांनी भूमिहीनांसाठी जो सत्याग्रह १९६४-६५ साली केला, त्यात लाखो माणसे तुरुंगात गेली, हे आपल्या घरातील वृद्धांना आठवत असेल. त्यांच्या नावाच्या या योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबास चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन सरकारने विकत घेऊन द्यावयाची. विधवा, परित्यक्ता आणि अत्याचारग्रस्त यांना अग्रक्रम. २०१८ पासून ही जमीन शंभर टक्के अनुदानावर आहे, आणि खरेदीची कमाल मर्यादा जिरायतीस एकरी ५ लाख व बागायतीस एकरी ८ लाख रुपये ठरविली गेली. कुकडीच्या कालव्याखालची जमीन या दरात कोण विकील, हे मी आपणांस सांगावयास नको. म्हणूनच येथे नुसती लाभार्थ्यांची नावे पुरत नाहीत. जमीन कोणाकडून घेतली, कोणत्या गटातील, काय दराने, आणि तिला पाणी व वाट आहे काय, हेही प्रसिद्ध झाले पाहिजे. नाही तर एखाद्या धनिकाची खडकाळ उतरण सरकारी दराने खपावयाची आणि कागदावर मात्र एक बौद्ध कुटुंब भूमिधारक झालेले दिसावयाचे, याला वाव राहतो.

आणखी एक विसंगती पाहा. किसान सन्मान निधीसाठी १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन ज्याच्या नावे होती तोच पात्र; त्यानंतरच्या पाच वर्षांत नाव चढले तर ते वारसाने चढलेले असले पाहिजे, असा नियम झाला. या नियमाचा सरळ अर्थ लावला तर, सरकारने स्वतः ज्या भूमिहीनास त्या काळात गायकवाड योजनेतून जमीन दिली, तो दुसऱ्या योजनेच्या लेखी त्या मुदतीपुरता शेतकरीच नव्हता! दोन खात्यांच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवल्याखेरीज अशी गोष्ट नजरेस येत नाही. आणि त्या शेजारी ठेवण्याचे काम कोणतेही खाते आपण होऊन करीत नाही.

ज्यांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांच्या मनात एक भीती असते, तिचा निकाल येथेच लावतो. अर्जात बौद्ध लिहिले तर सवलत जाईल काय? १९९० च्या कायदादुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना देशभर अनुसूचित जातीचे हक्क मिळाले आहेत. वर सांगितलेली योजना आणि विहिरीसाठी अनुदान देणारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना, या दोहोंत नवबौद्ध हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. दाखला नीट असू द्या, आणि निर्भयपणे अर्ज करा.

याद्या उघड करण्याविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मनुष्याच्या खासगी आयुष्याचा हा भंग नव्हे काय? युरोपात हा वाद मोठ्या न्यायालयापर्यंत गेला. तेथे डेन्मार्कने २००४ साली शेतकऱ्यांना मिळणाऱ्या अनुदानाची नावे उघड केली; पुढे युरोपीय संघाने सर्व देशांत तसे करावयास लावले. जर्मनीतील शेतकरी न्यायालयात गेले, आणि ९ नोव्हेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने असा निकाल दिला की, रकमेचा लहान-मोठेपणा न पाहता प्रत्येक व्यक्तीचे नाव सरसकट छापणे प्रमाणाबाहेर आहे. त्यानंतर जो नवा कायदा झाला त्याने नावे पुन्हा उघडी केली, परंतु १,२५० युरोपर्यंतची मदत घेणाऱ्या लहान शेतकऱ्याचे नाव झाकले. मला हा तोडगा विचार करण्यासारखा वाटतो. आपल्याकडील वाद मात्र उलट्या दिशेस गेला आहे. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला, आणि तो बदल १४ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आला. पूर्वी खासगी माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, असे अधिकाऱ्यास दाखवावे लागे. जी माहिती विधिमंडळास नाकारता येत नाही ती नागरिकासही नाकारता येत नाही, असेही त्यात लिहिलेले होते. आता व्यक्तिगत माहिती आहे, एवढे म्हटले की पुरते. सरकारी पैसा घेणाऱ्याचे नाव व्यक्तिगत, आणि पैसा मात्र सार्वजनिक, असा हा न्याय आहे!

म्हणून खाजगी काय आणि सार्वजनिक काय, याची रेघ आपण स्वतः आखून अर्ज केला पाहिजे. बँकेच्या खात्याचा क्रमांक, आधार क्रमांक, दूरध्वनी क्रमांक, आजार, घरातील भांडणे यांच्याशी आपणांस कर्तव्य नाही. आधार क्रमांक जाहीर करणे तर कायद्यानेच वर्ज्य आहे. नाव, गाव, योजना, रक्कम, तारीख आणि ज्यासाठी ती दिली ते काम, एवढेच आपण मागतो. जातीच्या रकान्याविषयी मी थोडा अधिक सावध आहे. गावात आपण कोण आहोत हे सांगण्यास कोणत्याही यादीची गरज पडत नाही. परंतु जगभर दिसणाऱ्या संकेतस्थळावर जातीसह नाव कायमचे राहिले, तर शहरात भाड्याची खोली शोधणाऱ्या आपल्या मुलामुलींना त्याचा उपद्रव होऊ शकतो. अशी यादी ग्रामपंचायतीत वाचावी, फळ्यावर लावावी, तेवढे पुरे. अधिकाऱ्याने नव्या दुरुस्तीकडे बोट दाखविले तर आपण दोन गोष्टींकडे बोट दाखवावे. कलम ४ मधील अनुदानाचा उपखंड कोणी रद्द केलेला नाही. आणि सार्वजनिक हित होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते, असे सांगणारे कलम ८(२) आजही कायद्यात आहे.

राहिला प्रश्न भीतीचा. ज्याच्या शेतावर उद्या कामाला जावयाचे, त्याच्याच अनुदानाची चौकशी आज कशी करावी? ही भीती खोटी नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, तळेगाव दाभाडे येथे, जमिनींचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढणारे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. तेव्हा एकट्या माणसाने पुढे होऊन छाती पुढे काढावी, असा उपदेश मी करणार नाही. अर्ज एकाचे नाव घालून मागू नका; संपूर्ण गावाची यादी मागा, म्हणजे रोख कोणा एकावर राहत नाही. दहा घरांनी मिळून दहा निरनिराळ्या योजनांचे अर्ज करा. महिला मंडळाने करा. माहिती का पाहिजे याचे कारण सांगण्याची कायद्याने गरज नाही. विचारले तरी सांगू नका. आणि चौकशी केली म्हणून कोणी कामावरून बंद केले, किराणा बंद केला, वाट अडविली, तर अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबावर असा बहिष्कार घालणे किंवा त्याची धमकी देणे हा २०१६ पासून अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे ध्यानात ठेवा.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास भरतात. किसान सन्मान निधीची यादी पंचायतीत लावावी, असे त्या योजनेच्या सूचनांतच आहे. २०२० च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्तीच्या याद्याही गावोगाव लागल्या होत्या. अतिवृष्टीच्या मदतीच्या याद्या तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्याकडे, लागतात. तेव्हा कागद लावण्याची रीत आहे. लावलेला कागद सभेत मोठ्याने वाचून दाखवावा आणि ज्यांचे नाव नाही त्यांना बोलू द्यावे, हा ठराव मांडणे बाकी आहे. तो आपल्या वस्तीतील एखाद्या भगिनीने मांडावा, असे मला वाटते. वाचता न येणाऱ्या माणसांची अडचण तिला अधिक ठाऊक असते.

तोपर्यंत अर्ज करून ठेवा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय व १५० शब्दांची मर्यादा आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास दाखल्याची प्रत जोडली की तेही लागत नाही. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेले लिहून घेण्यास मदत करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर तो पाच दिवसांत योग्य जागी पाठविणे त्यांच्याकडे आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर त्याच खात्यातील वरिष्ठांकडे पुढील तीस दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. अनुदानासाठी तालुका कृषी अधिकारी, नुकसानीच्या मदतीसाठी तहसीलदार, गायकवाड योजनेसाठी पुण्याचे सहायक आयुक्त, समाजकल्याण. पोच घ्या; टपालाने पाठविला तर पावती जपून ठेवा. मजकूर असा लिहावा:

“प्रति, जन माहिती अधिकारी, तालुका कृषी अधिकारी कार्यालय. माहिती अधिकार अधिनियम, २००५, कलम ६(१) खाली अर्ज. आमच्या गावात मागील पाच आर्थिक वर्षांत आपल्या कार्यालयामार्फत ठिबक व तुषार सिंचनासाठी दिलेल्या अनुदानाची पुढील माहिती वर्षवार द्यावी: लाभार्थ्याचे नाव, दिलेली रक्कम, क्षेत्र, दिल्याची तारीख, तसेच अर्ज करूनही नामंजूर झालेल्यांची संख्या व नामंजुरीची कारणे. बँक खाते, आधार व दूरध्वनी क्रमांक नको आहेत. ही माहिती कलम ४(१)(ख)(बारा) प्रमाणे स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. व्यक्तिगत माहिती म्हणून नाकारावयाची झाल्यास कलम ८(२) चा विचार करून लेखी कारण द्यावे. माहिती मराठीत व टपालाने हवी आहे.”

खाली नाव, पूर्ण पत्ता, तारीख आणि सही; सही येत नसेल तर अंगठा.